सगळे खुनी हिवराळे

माझ्या नवऱ्यानं सव्वीस रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि प्रत्येकीत निदान एक माणूस मारला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या धंद्यात माणसं मरायचीच. माझी तक्रार मारणाऱ्यांबद्दल आहे. पहिली कादंबरी सोडली तर पुढची पस्तीसेक वर्षं यांच्या पुस्तकांतले बहुतेक खुनी आमच्या नात्यातलेच होते. थोरले दीर, चुलत दीर, नणंदेचा नवरा, माझे दोन्ही भाऊ, इतकंच काय, माझी मावशीसुद्धा. माझ्या मावशीनं उभ्या जन्मात कोंबडी कापली नाही, आणि या माणसानं तिच्या हातून सावकाराला विहिरीत ढकललं. तिला वाचता येत नव्हतं म्हणून माझं माहेर टिकलं.

आमचे हे, म्हणजे प्रसेनजित हिवराळे. एसटी स्टँडच्या स्टॉलवरून पुस्तक घेऊन प्रवासात वाचणाऱ्यांपैकी तुम्ही असाल तर नाव ऐकलं असेल. नसाल तर राहू द्या, आता ते स्टॉलही राहिले नाहीत. आम्ही नांदुऱ्याचे. हे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कारकून होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागायच्या, त्या तोलायच्या, वजन लिहायचं, गाडीवर खडूनं आकडा टाकायचा, गाडी आत सोडायची आणि रिकामी झाली की पुन्हा तोलायची. उन्हाळा लागला की कापूस संपायचा, जिनिंग थंडावायचं आणि आमच्या घरात खून सुरू व्हायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मी तिसरीचे पेपर तपासत बसले की हे ओसरीवरून विचारायचे, "सुवर्णा, माणूस सरकीच्या ढिगाखाली दबला तं किती वेळात जाते?" मी म्हणायची, "तुम्ही पोळी खाऊन घ्या आधी." यांना पाल मारवत नाही. विंचू निघाला तर खाटेवर चढून मला हाक मारायचे. हा माणूस कागदावर मात्र इतका निर्दय कसा, हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

पहिली कादंबरी 'बंद काटा'. लग्नानंतर दोन वर्षांनी अकोल्याच्या एका प्रकाशकानं काढली. त्यात खुनी होता एक मोठा कास्तकार, म्हणजे शेतकरी. आता कास्तकाराला आडनाव हवं. यांना सुचलं ते आमच्या तालुक्यातल्या एका बड्या घराण्याचं, कारण काट्यावर दिवसाला दहा पावत्या त्या नावानं फाटायच्या. सुचायला तेच सुचणार. ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. पुन्हा वीस माणसांचा चहा करण्याचं माझं वय नाही.

कारण वीस माणसं आली. सकाळी, बैठकीला जावं तशी धुतलेले कपडे घालून. पुढे भगवानराव, तेव्हा ऐन तिशीतले, मिशीला पीळ, हातात आमचं पुस्तक. आमच्या वस्तीत त्या घराण्याची वीस माणसं एकदम येतात म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून कळणार नाही. माझ्या सासूबाई जनकाबाई दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आले तं बसा. भांडण बसूनबी होते."

मग मी चहा केला. भांडायला आलेल्या माणसांना चहा, तोही दोन खेपांत, कारण घरात कप अकराच होते. ज्यांना पहिल्या खेपेत मिळाला ते निवले, ज्यांना मिळाला नव्हता ते अजून तापलेले.

"आमच्या घराण्यात कोण खून केला, सांगा," भगवानराव म्हणाले.

"भाऊ, हे सारं काल्पनिक हाय," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मीच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"काल्पनिक हाय ना? मंग तुमचं सोताचं आडनाव काऊन नाही टाकलं?"

यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "पुढून नाही होणार." ते लोक गेले. मी कप विसळत होते आणि मला वाटलं, चला, सुटलो. हा माणूस दिलेला शब्द इतका तंतोतंत पाळेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या कादंबरीतला खुनी दयाराम हिवराळे. दयाराम हे माझ्या थोरल्या दिरांचं नाव. ते गावी शेती करायचे. यांनी नाव तर नाव, टक्कल आणि डाव्या पायानं लंगडणंसुद्धा जसंच्या तसं उचललं. पुस्तक गावात पोचलं आणि दयारामभाऊजी पहिल्या एसटीनं हजर. भांडायला आले तरी रिकाम्या हातानं नाही, पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या.

"काऊन बे, म्या तुह्यं काय वाकडं केलं? घासातला घास देल्ला तुले, अन् तू मले फासावर चढवून राह्यला?"

"दादा, बाहेरच्याचं नाव घेतलं तं वीस माणसं येतात. तुम्ही एकलेच आले."

भाऊजी जेवले, पान खाल्लं, ओसरीवर आडवे झाले. मग तसंच पडून विचारलं, "पण पोलिसाले सापडलो कसा म्या?" यांनी सांगितलं की प्रेताजवळ काडेपेटी राहिली. भाऊजी उठून बसले. "काडीपेटी? मले येडा समजलं का? म्या तं चिलीम बी वावरात ठेवून येत नाही." आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत दोघे भाऊ खून नीट कसा करायला हवा होता यावर वाद घालत बसले. शेंगा मी एकटीनं सोलल्या.

तेव्हापासून हे चालू झालं. सासूबाईंनी तर त्याला नियमच करून टाकला. घरच्या माणसानं खून केला तर घरचेच रागावतात, आणि घरच्यांचा राग जेवणापर्यंत असतो, असं त्या म्हणायच्या. त्यांचं काय जात होतं? राग घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला जेवू मी घालत होते. एका वर्षी तीन पुस्तकं आली, तेव्हा माझ्या घरची चूल थंड व्हायची नाही.

मी काय कमी सांगून पाहिलं? म्हटलं, एखादं नसलेलं आडनाव तयार करा. यांनी केलं, सुरंगवाडकर. वाचणाऱ्यांनी आडनाव पाहिलं आणि म्हणाले, असा माणूस जिल्ह्यात नाही, म्हणजे हाच. म्हटलं, नुसतं नाव ठेवा, आडनाव नको. ठेवलं. त्या नावाच्या शिंप्यानं यांचे दोन शर्ट दिवाळी उलटेपर्यंत शिवून दिले नाहीत. म्हटलं, खुनी पुण्याहून येऊ द्या. यांनी तोही प्रयोग केला आणि सगळ्यांत जास्त हसं त्याचंच झालं. मे महिन्यात पुण्याचा माणूस नांदुऱ्याला येतो, आणि तेही खून करायला, यावर कोणाचा विश्वास बसेल? शेवटी हे पुन्हा हिवराळ्यांवर आले. हिवराळे संपत आले की माझ्या माहेरावर.

मनालीचं, आमच्या मुलीचं लग्न ठरत होतं, तेव्हा बोलणी सगळी झाली, तारीख ठरली, आणि उठता उठता व्याह्यांनी हात जोडून विचारलं, "बाकी काही नाही, पण आमच्यातलं कोणाले पुस्तकात घेनार नाही ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र गंभीरपणे विचारात पडले आणि म्हणाले, "तुमची परवानगी असंल तरच." मी यांच्या पायावर पाय दिला.

पण नात्यातली भांडणं हा काही खरा त्रास नव्हता. खरा त्रास वेगळाच निघाला आणि तो हळूहळू कळला. कोल्हापूर, सांगली, नगरकडून यांना पत्रं यायची. शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही, रात्री झोप आली नाही, असलं काय काय लोक लिहायचे. तिकडे हिवराळे कोण, कुणाला ठाऊक? आणि इथे नांदुऱ्यात, आमच्या सार्वजनिक वाचनालयात, लोक पुस्तक घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत करायचे. बेबीताई वाचनालय सांभाळायच्या. त्या म्हणायच्या, "इतक्यात वाचलं?" की समोरचा म्हणायचा, "वाचाचं काय? नवव्या पानावर हिवराळे आला."

हे वर्तमानपत्र वाचायच्या निमित्तानं वाचनालयात जाऊन बसायचे आणि आपलं पुस्तक कोण घेतं, कसं वाचतं, ते पेपराआडून पाहायचे. घरी आले की चेहऱ्यावरून मला कळायचं. जेवण पुढ्यात, आणि हे भाताशी खेळत बसलेले. एकदा म्हणाले, "सुवर्णा, साऱ्या महाराष्ट्राले फसवलं म्या. गावातल्या एका माणसाले नाही फसवू शकलो." म्हटलं, "मग एकदा हिवराळे निर्दोष ठेवा ना." तर म्हणाले, "मंग खुनी कोण? नाव कुठून आणू?" आणि पुन्हा तेच. मला इतका संताप यायचा! त्या घराण्याच्या चाळीस घरांना आडनावाचा एवढा मान, आणि आमच्या आडनावावर कोणीही खून खपवावा, त्याला कोणाची हरकत नाही.

तरी हे लिहीत राहिले. निवृत्त झाल्यावर तर बाराही महिने लिहायला लागले. मग साखरेनं डोळे धरले. अकोल्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर लेसर मारलं, इंजेक्शनं दिली, एक डोळा गेला आणि दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता लिहिणं-वाचणं बंद. घरी येताना बसमध्ये मी रडले. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते, बाहेर काही दिसत नव्हतं तरी. नांदुरा आल्यावर म्हणाले, "एक पुस्तक अजून. तू लिहिजो. या डावाले गावाले फसवतो."

आणि सुरू झाली नावाची भीक. भीकच म्हणते मी तिला. यांना हाताला धरून मी घरोघर न्यायची आणि हे विचारायचे, "माह्या पुस्तकात खून करसान का?"

शेजारचे शेषराव एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी मनापासून विचार केला. "मले चालते. पण कारण चांगलं पाहिजे. पैशापायी नोको. बाईपायी तं बिलकुल नोको."

आतून त्यांची बायको रुखमाबाई ओल्या हातानंच बाहेर आली. "मंग कायच्यापायी मारसान? पोराले पोरगी पाहून राह्यलो आपण, अन् सासरा खुनी? कोण देईन पोरगी?"

शेषराव ओशाळले. मग तोड काढली त्यांनी, "असं करा ना हिवराळे साहेब, मले मेलेला दाखवा. मेलेला चालते."

सगळीकडे हेच. औषधाच्या दुकानवाला मरायला तयार, कोपऱ्यावरचा पानवाला मरायला तयार, आमचे शाळेतले जुने हेडमास्तर तर म्हणाले, मला पहिल्याच पानावर मारा, पण चष्म्यासकट. मारायला मात्र एकही माणूस पुढे येईना. माझे पाय दुखायला लागले होते. मी म्हटलं, "पुरे आता. असल्या गावासाठी कशाला जीव टाकता?" हे म्हणाले, "एकच घर राह्यलं." आणि भगवानरावांचं नाव घेतलं.

मी त्या घराची पायरी चढणार नाही, असं साफ सांगितलं. यांना रिक्षात बसवून दिलं आणि मी घरात परतले. तासाभरानं हे आले. काय झालं, विचारलं तर "चहा पाजला" एवढंच म्हणाले. मी समजले, नकार. मनातून मला बरंही वाटलं, की आता हा नाद सुटेल.

सुटला नाही. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मला टेबलाशी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. सांगताना स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा सांगायचे. बत्तीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाईला! मी दोनदा पेन आपटलं, तिसऱ्यांदा ऐकून सोडून दिलं. गोष्ट जिनिंगमधल्या खुनाची होती. मुनीम कापसाच्या गंजीत मरून पडलेला, अंगावर जखम नाही, बाहीवर कसलीशी पांढरी भुकटी. फाटकाशी एक म्हातारा कास्तकार, भगवानरावांच्याच आडनावाचा, आल्यागेल्याला रांजणातलं पाणी द्यायचा, पोलिसांनाही द्यायचा. मी मनात म्हटलं, नकार दिला तरी मस्का लावायचं काही सोडलं नाही यांनी.

आणि मग अकराव्या पानावर हे म्हणाले, "लिही. सुवर्णा हिवराळे नावाची शिक्षिका फाटकातून आत आली, तिच्या हातात कापडी पिशवी होती, पूर्णविराम."

मी पेन खाली ठेवलं. "हे काय?"

"लिही ना."

"मी नाही लिहिणार. पस्तीस वर्षं साऱ्या गोतावळ्याला फासावर दिलं, मी जेवू घातलं सगळ्यांना. आता माझा नंबर?"

"मंग कोण लिहीन? मले दिसते का?"

हे बोलायला नको होतं यांनी. आंधळेपणाचा असा फायदा घ्यायचा? मी लिहिलं, पण त्या दिवसापासून कामापुरतंच बोलायला लागले. पुढे तर कहरच झाला. त्या शिक्षिकेचं मुनिमाशी प्लॉटवरून भांडण, तिला फाटकापाशी कोणीतरी पाहिलेलं, आणि मुनिमाच्या बाहीवरची भुकटी निघाली खडूची. खडूची! जन्मभर ज्या खडूनं मी पाढे लिहिले त्याच खडूनं मला अडकवलं. रोज सकाळी मी माझ्याच हातानं माझ्यावरचा आळ पानापानानं लिहीत होते आणि शेजारी बसून हा माणूस पूर्णविराम सांगत होता. मनालीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. म्हटलं, हस बाई, तुझा नंबरही लागेल.

शेवटचं प्रकरण आलं. मी ठरवलं होतं, नाव उच्चारलं की पेन ठेवायचं, उठायचं आणि चार दिवस मनालीकडे जायचं. हे सांगत होते, मी लिहीत होते. खडू शाळेतच असतो असं नाही. काट्यावर प्रत्येक गाडीवर खडूनं आकडा टाकतात, मुनिमाची बाही अशाच एका आकड्याला घासली होती, आणि त्या दिवशी फाटकातून आत गेलेली पण रिकामी तोलायला काट्यावर न परतलेली गाडी एकाच माणसाची होती. ज्यानं पहिल्या दिवसापासून पोलिसांना पाणी दिलं, तो म्हातारा. मी त्याचं आडनाव लिहून मोकळी झाले आणि मग वाचलं की आपण काय लिहिलं.

काट्यावरच्या कारकुनाची मी बायको. या माणसाच्या सदऱ्याच्या बाहीवरचा खडू मी तीस वर्षं घासून घासून काढला, आणि मला सुचलं नाही!

"तुले नव्हतं ना कळलं?" हे म्हणाले. चेहरा माझ्या बाजूला, पण जरासा चुकलेला, खिडकीकडे.

"नाही."

"खरं सांग."

"अहो, महिनाभर मी तुमच्याशी धड बोलत नाही, ते काय सोंग होतं?"

हे इतके हसले की खोकला लागला. पाणी दिलं मी. मग सांगितलं यांनी, की भगवानरावांनी नकार दिलाच नव्हता. म्हणाले होते, "पोट्टे पुण्याले, वावर बटाईनं दुसऱ्याकडे. आमच्या आडनावाले आता कोण भेते? टाका. खुनात तरी लोकायले याद येईन." त्या माणसावरचा माझा इतक्या वर्षांचा राग असा एका वाक्यात पातळ व्हावा, याचाही मला राग आला.

अकोल्याचे ते जुने प्रकाशक आता म्हातारे झालेत, त्यांचा मुलगा लग्नपत्रिका छापतो. तरी जुन्या ओळखीला जागून त्यांनी पुस्तक काढलं. वाचनालयात प्रती गेल्या, शेजारीपाजारी गेल्या, भगवानरावांनी तर गठ्ठाच नेला. हे पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसले, येणाऱ्याजाणाऱ्याच्या आवाजाकडे कान लावून.

पहिले आले शेषराव. दारातूनच, "काय वहिनी, या डावाले तुमचा नंबर लागला! मुनिमाले मारलं राज्या!" मी हसले. मग औषधवाला म्हणाला, "मास्तरीणबाई, ते पांढरी भुकटी म्हणजे खडूच ना? जपून वापरा." मग बुद्धविहारातून वंदना करून निघताना दोन बायका, "बाई, तुम्ही असं काऊन केलं?" मला वाटलं, मुद्दाम चिडवताहेत, शेवट वाचूनही मजा करताहेत. पण आठवडा गेला तरी एकाच्याही तोंडी म्हाताऱ्याचं नाव नाही. मी शेषरावांना कुंपणाशी गाठलं. "शेवट कसा वाटला?"

"शेवट?" शेषराव म्हणाले. "अकराव्या पानावर तुम्ही आल्या. मंग म्या ठेवून देलं. पुढे काय हाय वाचासारखं?"

मी तशीच वाचनालयात गेले. बेबीताईंनी परत आलेल्या प्रती काढून दाखवल्या. सुरुवातीची पानं हाताळून मळलेली, आणि त्यापुढची कोरी करकरीत. एकही प्रत पुढे उघडलेली दिसत नव्हती. "लोकायची सवय हाय हो," बेबीताई म्हणाल्या. "हिवराळे आला की परत." तिथे बसलेल्या चार जणांना मी शिकवलेलं होतं. मला वाटलं, एकेकाला पुन्हा कान धरून उभं करावं आणि म्हणावं, वाचा मेल्यांनो, शेवटपर्यंत वाचा. डोळे गेलेल्या माणसानं तुमच्यासाठी लिहिलंय, आणि तुम्हाला डोळे असून पानं उलटता येत नाहीत?

हे सगळं यांना सांगायचं म्हणून मी घरी आले. चप्पल काढता काढता बोलायला तोंड उघडलं, तोच हे म्हणाले, "सुवर्णा, आताच दोघं जण येऊन गेले. त्यायलेबी नाही कळलं. तूच मारलं म्हणतात." आणि दोन्ही हात मांडीवर आपटले. "एकालेबी नाही कळलं. साऱ्या गावात एकालेबी नाही!"

या माणसाचा असा चेहरा मी मनालीच्या जन्माला पाहिला होता, त्यानंतर आजच. मी आत गेले, भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली. रडू येत होतं आणि रागही, आणि कोणावर काढावा कळत नव्हतं.

दोन दिवसांनी भगवानराव आले. आता काठी टेकत चालतात, मिशी पांढरी, पण ताव तोच. दारातच सुरू झाले, "मास्तरीणबाई, हे काय होऊन राह्यलं? म्या खून केला अन् नाव तुमचं? मले तं कोणी विचारूनच नाही राह्यलं! काल पाराखाली म्या सोता सांगतलं, बाप्पा, म्या मारला, तं लोक हासले. कोणी वाचलंच नाही त..."

मी त्यांचा दंड धरून त्यांना अंगणात ओढलं. भगवानरावांचा दंड धरेन असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. हळू आवाजात सांगितलं, की आत यांना वाटतंय सारं गाव फसलं. आणि हात जोडले. भगवानराव काठी टेकत आत गेले, यांच्यासमोरच्या खाटेवर बसले.

"भगवानराव?" यांनी आवाजावरून ओळखलं. "काय म्हणतात लोक?"

"काय म्हणन?" भगवानराव म्हणाले. "कोणाले पत्ता नाही. सख्ख्या भावाले पत्ता नाही. मले तं अजून रामराम करून राह्यले सगये."

"पाहा!" हे माझ्या दिशेनं म्हणाले. "सुवर्णा, आयकलं?"

"ऐकलं," मी म्हटलं आणि चहा ठेवला.

काल शनिवारचा बाजार होता. यांना घरात बसून कंटाळा येतो, म्हणून हात धरून घेऊन गेले. वांगीवालीनं मला पाहिलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर हाळी दिली, "काय मास्तरीणबाई, मुनिमाले तुम्हीच मारलं म्हणते! आमाले अकराव्या पानावरच समजलं." महिन्यापूर्वीची मी असते तर तिचा वजनकाटा उलटा केला असता. यांचा हात माझ्या दंडावर होता आणि माझं उत्तर ऐकायला मान माझ्याकडे झुकली होती.

"हो बाई," मी म्हटलं, "मीच मारला. अर्धा किलो वांगी दे, भरताची."